नेहमीच्या अंदाजाचं पीठ

प्रिय ताई,

माझं वय 36. सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात राहते, पतसंस्थेत कॅशिअर आहे. घरी नवरा, दोन मुलं, सासू-सासरे. अडीच वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर तालुक्याच्या महिला समुपदेशन केंद्रात गेले, तेव्हापासून दर शनिवारी दुपारनंतर तिथे बसते. येणाऱ्या बायकांचं म्हणणं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. अक्षर चांगलं आहे म्हणून.

तेव्हापासून डोळ्यांवर चष्मा चढल्यासारखं झालंय. आधी जे दिसत नव्हतं ते दिसतं, आणि दिसलं की डोकं सणकतं. दिवाळीनंतर घरी पाहुणे होते. नेहमीच्या अंदाजाने पीठ काढलं, भाकऱ्या केल्या. पुरुषांची आणि मुलांची पंगत उठली, पाहुण्या बायकांनाही वाढलं. शेवटी आम्ही दोघी बसलो तर दुरडीत एकच भाकरी. सासूबाईंनी ती मोडली आणि मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवला. मला काय झालं कळलं नाही. मी उठून तवा मोरीत आपटला आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "या घरात सुना उरलंसुरलं खायलाच आणतात." सासूबाई रडल्या. नवरा चार दिवस बोलला नाही. तो वाईट नाहीये, ताई. एवढंच म्हणाला, "तुला मी कधी काही कमी पडू दिलंय का?" संक्रांतीला मी सासूबाईंच्या हळदीकुंकवाला थांबलेच नाही. आलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं, तिला बरं नाहीये.

केंद्रात तरी बरं वाटावं, तर तिथे एक नवीन मुलगी आलीये, पुण्याला शिकलेली. परवा बैठकीत माझ्या मंगळसूत्राकडे बघत म्हणाली, "काही जणींनी आधी स्वतःच्या गळ्यातलं बघावं." सगळ्या हसल्या. मीही हसले.

झोप नीट लागत नाही. सोमवारी नोटा मोजताना शनिवारचं कुणाचं तरी बोलणं कानात येतं आणि मोजणी चुकते. घरचे म्हणतात, डोक्यात वारं शिरलंय. तिथल्या म्हणतात, अजून कच्ची आहे. मी खरंच स्त्रीवादी आहे का, की नुसती चिडकी बाई झालेय? सोडून द्यावं का सगळं?

ता. क. आठ वर्षांपूर्वी माझी मामेबहीण बॅग घेऊन माझ्याकडे आली होती. मी दोन दिवस ठेवून घेतलं आणि समजूत घालून परत पाठवलं. अजून तिथेच आहे. हे उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

*

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ("तू" म्हणते, चालेल ना? माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान आहेस.) तीनदा वरून खाली वाचलं आणि चौथ्यांदा खालून वर. खालून वाचलं तेव्हा ते निराळंच पत्र निघालं. त्याकडे येते, पण आधी त्या भाकरीचं बघू.

"नेहमीच्या अंदाजाने पीठ काढलं," असं तू लिहिलंयस. परातीत पीठ घेताना कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. हात डब्यात जातो, मुठी पडतात, किती पुरे ते हातालाच माहीत असतं. त्या संध्याकाळी तुझ्या हाताने घरातल्या आणि पाहुण्यांतल्या प्रत्येकाला मोजलं आणि दोन माणसं सोडली. एक सासूबाई आणि दुसरी तू. केंद्रात अडीच वर्षं बसून तुझं मत बदललं होतं. मूठ बदलली नव्हती.

आणि तू भडकलीस ती नेमकी कधी, हेही बघ. पुरुष आधी पानावर बसले तेव्हा नाही. दुरडी रिकामी होत चालली तेव्हाही नाही. सासूबाईंनी मोठा तुकडा तुझ्याकडे सरकवला तेव्हा. घरातल्या सगळ्यात गरीब बिचाऱ्या माणसाने माया केली आणि तुझा तोल गेला. मला वाटतं, त्या तुकड्यात तुला एक रांग दिसली. सासूबाईंना त्यांच्या सासूने असाच तुकडा दिला असेल, आता त्या तुला देतायत, उद्या तू सुनेला देशील आणि त्यालाच प्रेम म्हणशील. पीठ तूच काढलं होतंस, म्हणजे या खेपेला रांगही तूच लावली होतीस. तवा आपटला तो निम्मा तरी स्वतःवर आपटला.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. नॅन्सी डाउनिंग आणि क्रिस्टिन राउश या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली एक मांडणी केली: बाई स्त्रीवादी होते म्हणजे तिच्या आत काय काय होतं. त्याआधी 1971 मध्ये विल्यम क्रॉस यांनी कृष्णवर्णीय माणसाला स्वतःच्या कृष्णवर्णीय असण्याचा अर्थ कसकसा लागत जातो याचे टप्पे मांडले होते, त्यावर ही बेतलेली. यांचेही टप्पे पाच. आधी निमूट स्वीकार: चाललंय ते असंच असतं. मग एखाद्या प्रसंगाने डोळे उघडतात. मग बाई बायकांच्याच वर्तुळात बुडी मारते, बाहेरचं जग तिला नको होतं, आणि हळूहळू पुन्हा बाहेर डोकावू लागते. चौथ्यात ती आपलं बाईपण आणि बाकीचं आयुष्य यांचा सांधा जुळवते, समोरच्या पुरुषाला "पुरुष" म्हणून न बघता माणूस म्हणून जोखते. पाचव्यात ती ठरवून, टिकून काम करते.

डोळे उघडण्याच्या त्या दुसऱ्या टप्प्याबद्दल त्यांनी जे म्हटलंय ते तुझ्या कामाचं आहे. तिथे राग असतो हे कुणीही सांगेल. त्या रागाला अपराधीपणाचं अस्तर असतं, हे सहसा कुणी सांगत नाही. "माझ्यावर अन्याय झाला" यापेक्षा "मी त्यात हातभार लावला" हे जास्त जाळतं. आणि माणसाची गंमत अशी की स्वतःवरचा राग फार वेळ हातात धरवत नाही. जो जवळ असेल, जो उलटून बोलणार नाही, त्याच्या अंगावर तो टाकला जातो. तुझ्या घरात असं माणूस कोण, ते तुला ठाऊक आहे.

आता या पाच टप्प्यांचं फार मनावर घेऊ नकोस. पुढे त्यावर बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. बायका काही अशा जिना चढल्यासारख्या चढत नाहीत. शनिवारी पाचव्या पायरीवर असलेली बाई रविवारी माहेरच्या लग्नात पहिल्या पायरीवर सापडते. (मीच सापडलेय, रुखवत मांडताना.) शिवाय ती मांडणी अमेरिकेतल्या एका पिढीच्या बायकांकडे बघून केलेली. आपल्याकडे जात आहे, शेत आहे, सामायिक भिंतीचं घर आहे. ज्या बाईला तिच्या जातीमुळे लहानपणापासून पाणवठ्यावर थांबवलं गेलं, तिचे डोळे कुठल्या केंद्रात जाऊन उघडायचे बाकी नसतात. कित्येकींची तर सुरुवातच कृतीपासून झाली. 1972-73 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईत हजारो बायका हातात लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या. त्या तेलासाठी, साखरेसाठी आल्या होत्या. "तुम्ही स्त्रीवादी आहात का?" असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला लाटणंच दाखवलं असतं.

म्हणून "मी खरी आहे का?" या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे फार वेळ नाही. ते काही टायपिंगच्या परीक्षेसारखं नसतं, की मिनिटाला तीस शब्द आले तर प्रमाणपत्र. नावाचा उपयोग असतो, हे खरं. "मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही हं, पण..." हे वाक्य तूही शंभरदा ऐकलं असशील. जगभर बायका ते आपापल्या भाषेत म्हणतात, आणि मानसशास्त्रात त्यावर अभ्यासही झालेत. त्यांत दिसतं ते असं, की मतं सारखीच असली तरी नाव घेणाऱ्या बायका कामाला जास्त उतरतात. नाव घेतलं की एक "आपण" मिळतो, त्यामुळे असेल. तुला वाटतं तर घे नाव. पण ते नाव दुसरीने द्यायचं किंवा काढून घ्यायचं नसतं.

त्यावरून ती पुण्याची मुलगी. तिसऱ्या टप्प्यावरच्या माणसाचं लक्षणच असं की त्याला जगात दोनच रंग दिसतात. मी पंचविशीत असताना माहेरी जाऊन आईला सांगायचे, "आई, तुझं शोषण होतंय." आई म्हणायची, "बरं. ती कोथिंबीर निवड आता." तिच्या जागी मी असते तर मला घराबाहेर काढलं असतं. त्या मुलीला एकटीला गाठ आणि सांग की मला ते लागलं. बैठकीत नको, चार जणींत नको. मंगळसूत्र काढायचं की ठेवायचं हा तुझा प्रश्न आहे, आणि या घडीला तो तुझ्या यादीत बारावा-तेरावा असावा. मला जास्त खटकलं ते पुढचं वाक्य. "मीही हसले." घरात ताटावर बसून जे गिळत होतीस तेच तिथेही गिळलंस. जिथे आपण बोलायला शिकलो म्हणतो, तिथे न बोलता हसावं लागत असेल तर ती गोष्ट केंद्राच्या ताईंच्या कानावर घालायला हवी.

नवऱ्याकडे वळते. "तुला मी कधी काही कमी पडू दिलंय का?" हे तो मनापासून बोलला असणार आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये दाखवलं की बायकांबद्दलचा दुजाभाव दोन तोंडांचा असतो. एक तोंड कडू: बायकांना अक्कल नसते, बायका डोक्यावर बसतात. दुसरं गोड: बायका नाजूक, त्यांना जपायला हवं, पुरुषाने त्यांना काही कमी पडू देऊ नये. ही दोन तोंडं वेगवेगळ्या माणसांची असतील असं आपल्याला वाटतं. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 19 देशांत पाहणी केली, ती 2000 मध्ये आली. तर ज्या देशात कडू जास्त, तिथे गोडही जास्तच निघालं. जोडीने राहतात दोघं. आणि 2011 मध्ये युलिया बेकर आणि स्टीफन राइट यांच्या प्रयोगांत असं दिसलं की कडू विधानं वाचलेल्या बायका एकत्र येऊन काही करायला जास्त तयार होतात, पण गोड विधानं वाचलेल्यांची तयारी उलट कमी होते. स्वाभाविकच आहे. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. "काही कमी पडू दिलंय का" म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? आपणच कृतघ्न वाटायला लागतो.

पण हे सगळं त्याला वाचून दाखवू नकोस. केंद्रातले शब्द घरात आणले की घरातला माणूस आरोपी होतो, आणि आरोपी ऐकत नाही, वकील शोधतो. त्याच्याशी पिठाबद्दल बोल. "त्या दिवशी भाकरी कमी पडली, कारण मी आम्हा दोघींना मोजलंच नव्हतं. हे माझ्या लक्षातच आलं नाही, आणि ते लक्षात आलं नाही याचाच मला राग आला. पाहुण्यांसमोर बोलले ते चुकलं. आता पाहुणे आले की सगळे एकदम बसू, वाढायचं मध्ये ठेवू, ज्याला हवं त्याने घ्यावं." एवढंच. यात माफी आहे ती तेवढ्याच गोष्टीची जी तुझी चूक होती, आणि मागणी आहे ती अशी की नाही म्हणायला त्याला कारण शोधावं लागेल. तो "बरं, मी मदत करीन" म्हणाला, तर "मदत" या शब्दावर त्या दिवशी वाद घालू नकोस. तो वाद मोठा आहे, त्याला वेगळा दिवस लागतो. तुझा मुलगा पंगतीत कुठे बसतो आणि मुलगी कुठे, एवढं मात्र बघ.

सासूबाईंचं मला जास्त वाईट वाटलं. पण तुला एक दिसलं नाही वाटतं. संक्रांतीला त्या म्हणाल्या, तिला बरं नाहीये. सून हळदीकुंकवाला थांबली नाही ही गावात केवढी गोष्ट! दारात आलेल्या पन्नास बायकांपुढे त्यांना गाऱ्हाणं करता आलं असतं, चार जणींनी त्यांची बाजूही घेतली असती. त्यांनी खोटं बोलून तुला झाकलं. तवा आपटल्यानंतर दोन महिन्यांनी. तेव्हा त्यांच्याशी "तुम्ही शोषित आहात" या बाजूने बोलायला जाऊ नकोस. (कोथिंबीर निवडायला लावतील.) दुपारी शेंगा सोलत बसाल तेव्हा विचार, की तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा शेवटी कोण जेवायचं. आणि गप्प राहून ऐक. तू केंद्रात इतक्या जणींचं ऐकून घेतेस, छान अक्षरात लिहून घेतेस. घरातल्या बाईचं म्हणणं कधी नोंदवलंयस का?

हळदीकुंकवालाही पुढच्या वर्षी थांब की. थांबून बघ, कुणाला बोलावणं जात नाही ते. हेरवाड हे गाव तुझ्यापासून काही लांब नाही, कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आपल्या गावात होणार नाही. पुढे सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. हे काम गावातल्या माणसांनी गावात राहून केलं. तुझ्या आळीतल्या एका तरी विधवा बाईला वाण द्यायचं सासूबाईंनी मनावर घेतलं, तर ते तुझ्या मोर्चातल्या घोषणेपेक्षा जड भरेल. त्या तयार होतील की नाही, मी सांगू शकत नाही. विचारायचं कसं, ते त्यांच्या सासूची गोष्ट ऐकल्यावर तुला कळेल.

आता शनिवार. "अक्षर चांगलं आहे म्हणून" तुला लिहायला बसवलंय आणि अडीच वर्षं तूच लिहितेयस. बोलणारीचं ओझं बोलून थोडं उतरतं, ऐकणारीचं चढतं. मारहाणीची हकिगत शब्द न् शब्द उतरवून घ्यायची म्हणजे ती तुझ्या बोटांतून जाते. झोप उडणं, भलत्या वेळी ते ऐकू येणं, मोजणी चुकणं हा तुझा कमकुवतपणा नाही, असं काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे होतं. ख्रिस्तिना मास्लाक यांनी असं पिळून निघणाऱ्या माणसांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्या तीन खुणा सांगतात: आधी मन थकतं, मग समोरच्या माणसाबद्दल काही वाटेनासं होतं, आणि शेवटी आपण करतोय त्याचा काही उपयोग नाही असं वाटू लागतं. तू पहिलीवर आहेस. तिसरीवर पोचलेली माणसं "सोडून देऊ का" असं विचारत नाहीत, एके दिवशी यायची बंद होतात. आणि चळवळीतल्या माणसाला थकलो म्हणायचीही लाज वाटते, कारण बाहेर आपल्यापेक्षा जास्त सोसणारी बसलेली असते.

पुढचे दोन शनिवार सुट्टी घे. ताईंना सांगून घे, "पोराला ताप आलाय" असं सांगून नको. परत गेलीस की लिहायचं काम पाळीपाळीने करायचं, असं ठरवून घे. त्या पुण्याच्या मुलीचं अक्षर कसंही असो, तिलाही बसू दे त्या खुर्चीत, तिचे रंग आपोआप दोनाचे चार होतील. आणि काम संपल्यावर घरी जाण्याआधी दहा मिनिटं कुणाशी तरी बोलायचं, आज मला कुठलं ऐकणं झेपलं नाही ते. ही चैन नाही, हत्यार धुऊन ठेवण्यासारखं आहे. तरीही झोप येईना तर डॉक्टरांकडे जा, किंवा 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

राहिला राग. घरचे म्हणतात तसं ते वारं नव्हे. सामूहिक कृतीवर झालेल्या ढीगभर अभ्यासांचा एकत्रित हिशोब मार्टिन फान झोमेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडला. त्यांना तीन गोष्टी सापडल्या: हा अन्याय आहे याची चीड, आपण केलं तर काही होईल हा भरवसा, आणि "आपण" कोण याची ओळख. नुसती चीड एकटी फार लांब जात नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 1882 मध्ये स्त्री-पुरुषांच्या तुलनेचं ते जळजळीत पुस्तक लिहिलं. सुरतेच्या एका विधवेला नवजात मुलाच्या हत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रातून बायकांच्या नीतीचा उद्धार सुरू झाला, त्या संतापात लिहिलं. तुला वाचायला मिळालं तर बघ, तुझा तवा त्यापुढे काहीच नाही. पण लोक तिच्यावर तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली, तरी त्यानंतर तिचं दुसरं काही छापलेलं सापडत नाही.

आणि याच्या जवळपास शंभर वर्षांनंतरचं बघ. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार, असा तो न्याय. 1979 मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. चौघांचा राग ओळीओळीत दिसतो, पण तो एका जागी बसवलेला आहे: या वाक्यात तुम्ही हे गृहीत धरलंत, का धरलंत? ते पत्र हातोहात फिरलं, 1980 मध्ये मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, शहराशहरांतून बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. तो पुरेसा बदलला नाही, हे केंद्रात बसणाऱ्या तुला मी सांगायला नको. पण ताराबाईंकडे जे फार थोडं होतं ते इथे मिळालं, रागाला माणसं मिळाली.

तू मात्र तुझा राग शनिवारी वहीत बंद करतेस आणि आठवडाभर स्वयंपाकघरात उघडतेस.

आता तुझा ताजा कलम. "उगाच आठवलं," असं लिहिलंयस. दोन पानांचं पत्र लिहून, खाली नाव घालून झाल्यावर पुन्हा पेन उचलून लिहिलेलं काही उगाच नसतं.

आठ वर्षांपूर्वी बहीण बॅग घेऊन आली. तू दोन दिवस ठेवून घेतलंस, समजूत घातलीस. काय काय म्हणाली असशील, ते मला अंदाजाने सांगता येतं, कारण आपण सगळ्याच जणी तेच म्हणत आलोय. पोरांकडे बघ. माहेरी वहिनी आहे, किती दिवस राहशील. पुरुषाचा राग दोन घटकांचा. नेहमीच्या अंदाजाने तू तिला मोजलंस आणि पाठवून दिलंस. आणि आता दर शनिवारी एक बाई तुझ्यासमोर बसते, कुणीतरी आपल्याला परत पाठवलं ते सांगते, आणि तू ते छान अक्षरात लिहून घेतेस. झोप कशी लागावी?

"तुझा काही दोष नव्हता," असं मी म्हणणार नाही. तुला ते पटणार नाही, आणि ते निम्मं खोटंही आहे. तेव्हा तुला जे माहीत होतं तेच तू दिलंस, हे खरं. त्याची किंमत तिने भरली, हेही खरं. दोन्ही घेऊनच तुला राहावं लागेल. शनिवार सोडलेस तरी हे सुटणार नाही, मंगळसूत्र काढलंस तरी नाही. नवऱ्याशी, सासूशी, त्या मुलीशी चाललेली तुझी सगळी भांडणं मला या एका भांडणाच्या फांद्या वाटतात.

तिला फोन कर. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नकोस, अशा घरांत बाईचा फोन कोण कोण बघतं ते तू नोंदींमध्ये वाचलंयस. "कशी आहेस?" असं विचारलंस तर "मजेत" असं उत्तर येईल आणि विषय तिथेच संपेल. सरळ सांग: "तू बॅग घेऊन आली होतीस तेव्हा मी तुला परत पाठवलं. ते माझं चुकलं. खूप दिवस सांगायचं होतं." मग थांब. "मला माफ कर" म्हणू नकोस, म्हणजे तुझी समजूत घालायचं काम तिच्यावर पडेल. आणि आता उत्साहाच्या भरात "सोड त्याला, मी आहे" असंही म्हणू नकोस. आठ वर्षांपूर्वी तिने काय करावं ते तूच ठरवलं होतंस, या वेळीही तूच ठरवलंस तर फक्त दिशा बदलेल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, संरक्षण अधिकारी कुठे बसतात, हे सगळं तुला तोंडपाठ आहे. तिने विचारलं तर सांग. कदाचित ती काहीच बोलणार नाही, कदाचित रागावेल, कदाचित म्हणेल की आता बरं चाललंय, आणि ते खरंही असू शकेल.

दुपारी कर फोन. त्या वेळी तिच्या घरी कोण असतं, ते आधी मामीकडून सहज बोलता बोलता काढून घे. आणि ती पुन्हा बॅग घेऊन आली तर कुठली खोली, किती दिवस आणि सासऱ्यांना कोण सांगणार, एवढं नवऱ्याशी बोलून घे. हे फोन लावायच्या आधी, नंतर नको.